थेट मालकाकडून जुनी गाडी घेताना: ती चोरीची नाही हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही वडिलांसाठी २०१८ ची एक पेट्रोल हॅचबॅक बघितली आहे. जाहिरात देणारा स्वतःच मालक असल्याचं सांगतो. गाडी चालवून पाहिली, चांगली वाटली. आरसीचा फोटो त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला तर मॉडेल, नोंदणीची तारीख, इन्शुरन्स सगळं जुळलं. किंमत बाजारभावापेक्षा साठेक हजारांनी कमी, ४ लाख १० हजार. ११ हजार इसार देऊन झाला आहे आणि बाकीची रक्कम त्याला रविवारी रोख हवी आहे, त्यापुढे एक दिवसही थांबायला तो तयार नाही. गाडी चोरीची नाही ना, एवढंच तुम्हाला खात्रीने कळायला हवंय.

मी मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेअर आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात १९ वर्षं अपघाताच्या आणि चोरीच्या क्लेमच्या गाड्या बघतोय. दिवसाला तीन-चार चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर कोरलेले तिचे कायमचे नंबर, हाताखालून जातात. त्या अनुभवातून एक गोष्ट आधीच सांगतो. अ‍ॅपवर तुम्ही तपासलात तो गाडीचा नंबर. त्या नंबरची एक गाडी कागदोपत्री आहे आणि तिच्याबद्दल तक्रार नाही, एवढंच अ‍ॅपने सांगितलं. तुमच्यासमोर उभी असलेली गाडी तीच आहे का, हे अ‍ॅपला दिसत नाही. खरा प्रश्न तो आहे. चोरीच्या गाडीचे कागद खोटेच असतील असं बहुतेकांना वाटतं, पण मी पाहिलेल्या वाईट प्रकरणांत कागद खरे होते, लोखंड दुसऱ्याचं होतं.

आता किंमत कमी आहे म्हणून घाबरून जावं का? नुसत्या त्यावरून मी काही म्हणणार नाही. कमी किमतीला सरळ कारणंही असतात. दिल्लीत जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर बंदीचा ससेमिरा असल्याने तिकडून एनओसी घेऊन गाड्या स्वस्तात इकडे येतात. कुणाला परदेशी जायचं असतं, कुणाकडे दवाखान्याचं बिल आलेलं असतं. तुमची गाडी एमएच १४ पासिंगची आहे, म्हणजे दिल्लीचं कारण इथे लागू नाही. तेव्हा कमी किमतीचं कारण विचारा आणि ते कारण तपासून बघता येतं का ते बघा. "मुलीच्या ॲडमिशनला पैसे हवेत" हे तपासता येत नाही. "नवीन गाडी बुक केली आहे, सोमवारी डिलिव्हरी आहे" हे बुकिंगच्या पावतीवरून तपासता येतं.

चोरीची गाडी खऱ्या कागदांवर कशी येते ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल.

गाडीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या विमा रकमेच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी तिला टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात आणि मोडलेला सांगाडा लिलावात विकला जातो. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात कित्येकदा सांगाड्याबरोबर आरसीही पुढे जाते आणि नोंदणी जिवंत राहते. घेणाऱ्यांमधले बरेच जण ती गाडी मन लावून पुन्हा उभी करतात आणि तसं सांगूनच विकतात, त्यात गैर काही नाही. पण काही जण त्याच मॉडेलची, त्याच रंगाची, जवळपास त्याच सालची गाडी चोरून आणवतात. मोडक्या गाडीच्या पत्र्यावरचा चेसिस नंबरचा तुकडा कापून चोरीच्या गाडीत वेल्डिंगने बसवतात, किंवा मूळ नंबर घासून त्यावर नवा नंबर ठोकतात. नंबरप्लेट मोडक्या गाडीची, आरसी मोडक्या गाडीची, इन्शुरन्स नव्याने काढलेला. अ‍ॅपवर टाकलं की सगळं हिरवं.

दुसरा प्रकार जुळ्या गाडीचा. रस्त्यावर चालणाऱ्या एखाद्या चांगल्या गाडीचा नंबर बघून तोच नंबर तशाच चोरीच्या गाडीला लावतात. मूळ मालकाला पत्ताही नसतो. कधी तरी कधीच न गेलेल्या गावाचं ई-चलन त्याच्या मोबाइलवर येतं, तेव्हा त्याला कळतं.

तिसरा प्रकार अलीकडे फार वाढलाय. यात कुलूप तोडलेलं नसतं. "कंपनीत महिन्याच्या भाड्याने लावतो" म्हणून कुणी तरी लोकांच्या गाड्या घेतो, दोन-तीन महिने भाडं देतो आणि मग त्या गाड्या गहाण टाकतो किंवा परस्पर विकतो. यात गाडी तीच असते, चेसिस खरा असतो, आरसी खरी असते. खोटा असतो तो विकणारा माणूस. गुन्हा दाखल होतो तो फसवणुकीचा आणि अपहाराचा, तोही मालकाच्या लक्षात आल्यावर. त्यामुळे चोरीच्या गाड्यांच्या नोंदीत ती गाडी बरेच दिवस सापडत नाही.

म्हणून माझ्या कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी लोखंड, मग नोंदी, मग माणूस आणि सगळ्यात शेवटी पैसे. तुमचा क्रम उलटा झालाय, कारण इसार आधीच गेलाय. पण रविवारला अजून वेळ आहे.

लोखंडाबद्दल मी जरा विस्ताराने लिहितो, कारण लोक हेच बघत नाहीत. गाडी उन्हात, दिवसाढवळ्या बघायची. सोबत चांगली बॅटरी, एक पांढरा कागद, शिसपेन्सिल आणि पुसायला फडकं न्यायचं. विक्रेत्याला आधी सांगा की चेसिस नंबरची छाप घ्यायची आहे. ट्रान्सफरच्या फॉर्मवर पेन्सिलची छाप लावतात, त्यामुळे यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. प्रामाणिक माणूस बॉनेट उघडून देतो.

चेसिस नंबर कुठे असतो ते मॉडेलवर आहे. काही गाड्यांत बॉनेटखाली, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर असतो. काहींत ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली गालिचाची खाच उचलली की दिसतो. त्या मॉडेलच्या मालकाच्या पुस्तिकेत जागा चित्रासकट दिलेली असते, आदल्या रात्री तेवढं बघून जा. नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गोंधळ नको म्हणून. पहिली तीन अक्षरं कंपनीची खूण असतात: मारुतीची एमए३, ह्युंदाईची एमएएल, टाटाची एमएटी. पुढे उत्पादनाचं साल सांकेतिक अक्षरात असतं, त्याची जागा मात्र कंपनीगणिक बदलते.

सुरुवातीला नंबर वाचूच नका, नुसता त्याच्या आजूबाजूचा पत्रा बघा. कारखान्यातला रंग तिथे सहसा पातळ आणि एकसारखा असतो. नंबरच्या भोवती हातभर जागेत रंग जाड वाटतो का, चमक वेगळी आहे का, बोट फिरवल्यावर उंचवटा लागतो का, घासल्याच्या बारीक रेघा दिसतात का? कापून बसवलेल्या तुकड्याच्या कडेला वेल्डिंगची शिवण असते, वरून पुट्टी मारून ती झाकतात. नखाने टोकरलं तर पुट्टी आणि पत्रा यांतला फरक कळतो. पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला हात पोहोचत असेल तर तिकडूनही बघा. वरची बाजू सफाईदार करतात, मागची बाजू करायला बहुतेकांना वेळ नसतो.

मग अक्षरं बघा. कारखान्यातलं यंत्र सगळी अक्षरं एका खोलीची, एका ओळीत, सारख्या अंतरावर उमटवतं. हाताने ठोकलेल्या नंबरात एखादं अक्षर खोल जातं, एखादं थोडं तिरकं होतं, ३ आणि ८ यांची वळणं वेगळी दिसतात. डोळ्यांना हे पटकन कळत नाही, पेन्सिलच्या छापेवर लगेच कळतं. शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या ओळखीच्या एखाद्या गाडीची छाप घेऊन दोन्ही शेजारी ठेवा. मी आजही असंच करतो.

इंजिन नंबर इंजिनच्या ब्लॉकवर असतो, तो बघायला गॅरेजवाल्याची मदत लागेल. इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नाही, पण बदललं असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी आणि बिल हवं.

आता ज्या जागा गुन्हेगार विसरतात त्या सांगतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. तळाशी शिवलेल्या पट्टीवर त्याच्या उत्पादनाची तारीख असते. काचांच्या कोपऱ्यात कंपनीच्या खुणेबरोबर सालाची खूण असते. एखादी काच बदललेली असू शकते, पण सगळ्या काचा आणि सीटबेल्ट २०२१ चे आणि आरसी २०१८ ची, असं असेल तर तिथून निघा. दरवाजाच्या खांबावरचं किंवा बॉनेटखालचं कंपनीचं स्टिकर अथवा पट्टी बघा. तिथलाही चेसिस नंबर तोच हवा आणि पट्टीचे रिव्हेट कारखान्याचे वाटायला हवेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. या सालच्या बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की इसीएममध्ये साठवलेला चेसिस नंबर वाचता येतो. पत्रा घासणारे हात तिथपर्यंत फारसे जात नाहीत. सगळ्या मॉडेलमध्ये तो वाचता येईलच असं नाही, पण वाचता आला तर दोन मिनिटांत निकाल लागतो.

हे मी इतकं लावून धरतोय त्यामागे एक गाडी आहे. काही वर्षांपूर्वी एका दूधवाल्याच्या गाडीचा किरकोळ क्लेम आला होता, बंपर आणि एक हेडलाइट. त्याने ती गाडी वर्षभरापूर्वी खासगी व्यवहारात घेतली होती, आरसी त्याच्या नावावर झाली होती, हप्ता बँकेत चालू होता. मी नेहमीप्रमाणे छाप घेतली आणि त्यातला ३ मला खटकला. गालिचा पुढपर्यंत उचलला तर नंबरच्या चारही बाजूंनी चौकोनी शिवण निघाली. स्कॅनरवर वेगळाच नंबर आला, तो पुण्यातून चोरीला गेलेल्या गाडीचा होता. क्लेम थांबला, पोलीस आले, गाडी ठाण्याच्या आवारात गेली. त्या माणसाची काहीच चूक नव्हती, एवढीच की त्याने सीटखाली बघितलं नव्हतं. गाडी गेली तरी कर्जाचे हप्ते त्याला भरावेच लागले. तो पुढे कित्येक महिने मला फोन करून विचारायचा की गाडी परत मिळेल का. मिळणार नाही हे मला माहीत होतं, आणि दर वेळी ते त्याला सांगणं मला फार जड गेलं.

का मिळणार नाही, तर कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम २७ नुसार विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्यापेक्षा जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडे हक्कच नाही, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्याकडेही नाही. गाडी मूळ मालकाची राहते, आणि त्याला विमा कंपनीने चोरीचा क्लेम दिला असेल तर त्या कंपनीची. आरटीओत तुमचं नाव लागलं म्हणजे मालकीचा निवाडा झाला, असं नाही. पैसे विकणाऱ्याकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, पण तो सापडला तर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल घेण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत हेच कलम ४११ होतं. ती शिक्षा प्रामाणिक खरेदीदाराला नाही. माल चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना अप्रामाणिकपणे तो घेणाऱ्याला आहे. पण तपास अधिकारी विचारतोच की एवढी स्वस्त का मिळाली, रोख का दिले, मालकाचं घर का बघितलं नाही. तेव्हा तुमच्याजवळ छाप, फोटो, बँकेची नोंद असली तर उत्तर देताना जीभ अडखळत नाही.

आता चावी. दोन्ही चाव्या मागा, कंपनीच्या मूळ चाव्या. चोरीचा क्लेम येतो तेव्हा विमा कंपन्या मालकाकडून दोन्ही चाव्या मागून घेतात, त्यामुळे चोरीच्या गाडीबरोबर मूळ जोडी सहसा येत नाही. भाड्याने नेऊन विकलेल्या गाडीतही एकच असते, दुसरी खऱ्या मालकाच्या कपाटात असते. चावी हरवू शकते, मान्य. मग शोरूममधून नवी बनवल्याचं बिल दाखवू दे. आणि समजा गाडी खरीच निघाली तरी एका चावीवर गाडी घेऊ नका. उद्या तुमच्याकडून ती चोरीला गेली तर तुमच्याच क्लेमला त्रास होईल.

नंबरप्लेटचं एक-दोन वाक्यांत सांगतो. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते, तुमच्या २०१८ च्या गाडीला ती नंतर बसवलेली असेल. वर डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला क्रमांक, आणि स्क्रूऐवजी एकदाच बसणारे लॉक. समोरच्या काचेवर आतून चिकटवलेल्या स्टिकरवर चेसिस आणि इंजिन नंबरही असतात, ते छापेशी ताडून बघा. प्लेट साध्या स्क्रूवर असेल तर कारण विचारा.

छाप हातात आली की नोंदींकडे वळा. आता तुमच्याकडे आरसीवरून उतरवलेला नाही, लोखंडावरून घेतलेला चेसिस नंबर आहे. पुढे सगळीकडे तोच वापरायचा.

पहिलं ठिकाण त्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. तिथे चेसिस नंबरवर गाडीचा सगळा इतिहास निघतो: कुठे सर्व्हिस झाली, किती किलोमीटरला, बॉडीशॉपला कधी आली. काही सेंटर त्रयस्थाला देत नाहीत, म्हणून मालकाला सोबत न्या. सर्व्हिस २०२२ मध्ये एका मोठ्या एस्टिमेटवर येऊन थांबली असेल आणि त्यानंतर काहीच नसेल, तर ती गाडी टोटल लॉस झाली असण्याची शक्यता मोठी आहे. मग समोर उभी आहे ती दुरुस्त केलेली तीच गाडी, की दुसरी? तिथे मला बोलवा किंवा जवळच्या कुठल्याही सर्व्हेअरला दाखवा.

दुसरं, चोरीच्या गाड्यांची राष्ट्रीय नोंद. एनसीआरबीची, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेची, 'वाहन समन्वय' नावाची व्यवस्था आहे आणि डिजिटल पोलीस पोर्टलवर मोबाइलच्या ओटीपीने लॉगिन करून नागरिकाला तिथून गाडीची एनओसी काढता येते. नंबर, चेसिस, इंजिन तिन्ही भरायचे. मात्र पोलिसांत गुन्हा नोंदवून तो वर चढल्याशिवाय तिथे काही दिसत नाही. परवा चोरलेली गाडी आज तिथे स्वच्छ दिसेल. म्हणून ही एनओसी मी जरूर काढतो, पण तिच्यावर एकटीवर विसंबत नाही.

तिसरं ठिकाण फारसं कुणाला सुचत नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिनाचे शेवटचे चार आकडे टाकले की जुनी चलनं निघतात, आणि पुष्कळ चलनांबरोबर फोटो असतो. तो फोटो मोठा करून बघा. तुमच्यासमोरच्या गाडीला अलॉय व्हील आणि फोटोतल्या गाडीला साधी कॅप, दोघींच्या मागच्या काचेवर वेगळी स्टिकरं, किंवा मालक म्हणतो "गाडी कधी साताऱ्याबाहेर गेली नाही" आणि चलन ठाणे शहरातलं. अशा वेळी एका नंबरच्या दोन गाड्या असण्याची शंका घ्यायलाच हवी.

कर्जाचं तेवढंच. आरसीवर हायपोथिकेशन, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, असेल तर बँकेची एनओसी आणि ती नोंद काढायच्या फॉर्म ३५ शिवाय पुढे जायचं नाही. एनओसीचा फोटो नको, बँकेच्या शाखेत फोन करून खात्री करा.

आता माणूस. तिसऱ्या प्रकारची फसवणूक फक्त इथेच पकडता येते. आरसीची फोटोकॉपी आणि व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो बाजूला ठेवा. त्याला सांगा, तुमच्या फोनवर तुमचं डिजिलॉकर उघडून आरसी दाखवा. डिजिलॉकरमध्ये आरसी खेचायला नाव आधारशी जुळावं लागतं. दुसऱ्याची आरसी तिथे येत नाही. त्याहून पक्की गोष्ट म्हणजे ट्रान्सफरचा अर्ज परिवहनच्या पोर्टलवर तुमच्यासमोर भरायला घ्यायचा. ओटीपी आरटीओत नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. तो ओटीपी समोरच्या माणसाच्या फोनवर वाजला पाहिजे. "तो नंबर बंद झालाय" हे उत्तर खरं असू शकतं, पण मग आधी त्याने आरटीओत नंबर बदलून घ्यावा, तुमचे पैसे नंतर.

गाडी मालकाच्या दारात बघा, आरसीवरच्या पत्त्यावर. हायवेवरच्या धाब्यावर नको, मॉलच्या पार्किंगमध्ये नको. पत्ता बदलला असेल तर सध्याच्या घरी जा, तिथलं वीजबिल बघा. सोसायटीच्या वॉचमनला सहज विचारा, "ही गाडी साहेबांचीच ना?" वॉचमनला गाड्या माणसांपेक्षा जास्त ओळखू येतात. विकणारा जर "गाडी मित्राची आहे, मी फक्त विकून देतोय" म्हणाला, किंवा सह्या केलेले कोरे २९ आणि ३० नंबरचे ट्रान्सफरचे फॉर्म पुढे करू लागला, तर तो मालक नाही. आरसीवरचा माणूस समोर बसून सही करेल तरच व्यवहार.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. मागच्या वर्षी एक गाडी मला तपासायला दिली होती. आरसी एकाच्या नावावर, विकायला आलेला दुसराच, चावी एक, किंमत कमी. घेणारे काका म्हणाले, ही चोरीचीच. चौकशी केली तर विकणारा मुलगा होता, वडील आठ महिन्यांपूर्वी वारलेले, दुसरी चावी कुठे ठेवली ते फक्त त्यांनाच माहीत. चेसिस निर्मळ, सर्व्हिसचा इतिहास सलग, शेजारी वडिलांची आठवण काढत होते. तिथे उपाय सोपा होता. आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावाने ट्रान्सफर, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती, आणि मग काकांच्या नावाने. दोन महिने लागले. काका थांबले आणि आज ती गाडी चालवतात. एखादी खूण जुळली नाही म्हणून माणसाला लगेच चोर ठरवू नका. त्याचं कारण तपासता येतं का ते बघा, आणि तपासायला तो वेळ देतो का ते बघा. मुलाने दोन महिने दिले. तुमचा विक्रेता रविवारपलीकडे एक दिवस द्यायला तयार नाही. सगळ्या वर्णनात मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच.

पैशांचं म्हणाल तर रोख अजिबात नको. आयकर कायद्याप्रमाणे १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही आणि दंड घेणाऱ्याला बसतो, जेवढे घेतले तेवढाच. हे त्याला शांतपणे सांगा, तुमच्यावर संशयीपणाचा ठपकाही येणार नाही. पैसे आरसीवरच्याच नावाच्या बँक खात्यात, एनईएफटीने. बायकोच्या, मेव्हण्याच्या, एजंटच्या खात्यात नाही. मोठा भाग ट्रान्सफरचा अर्ज सादर झाल्यावर आणि दोन्ही चाव्या हातात आल्यावर द्या. कायद्याने घेणाऱ्याने ३० दिवसांत ट्रान्सफरसाठी कळवायचं असतं, पण ३० दिवस वाट बघू नका, त्याच आठवड्यात अर्ज करा.

तुम्ही उद्या एवढं करा. त्याला फोन करून सांगा की शनिवारी सकाळी घरी येतो, सोबत आमचा गॅरेजवाला असेल, चेसिसची छाप घेऊ, दोन्ही चाव्या आणि डिजिलॉकर बघू, आणि सोमवारी सर्व्हिस सेंटरला जाऊन बँकेने पैसे देऊ. हो म्हणाला तर वर लिहिल्याप्रमाणे बघा, आणि छापेचा फोटो मला पाठवा, मी बघून सांगेन. टाळाटाळ करू लागला, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे म्हणाला, तर ११ हजार गेले असं समजून थांबा. ते परत मागा जरूर, इसार यूपीआयने दिला असेल तर त्याची नोंद जपून ठेवा. पण ते ११ हजार वाचवायला आणखी ४ लाख घालू नका.

आणि शनिवारी नंबरभोवती शिवण दिसलीच, तर तिथे वाद घालू नका आणि त्याला काही जाणवूही देऊ नका. वडिलांना गाडी दाखवून मग कळवतो म्हणून निघा. आधी घेतलेले चेसिसचे, नंबरप्लेटचे फोटो, त्याचा मोबाइल नंबर आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा किंवा ११२ वर कळवा. ज्याची गाडी गेली आहे तो कुठे तरी अजून ती शोधत असेल.